शोभेचा व्हॉल्व्ह

साहेब निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि शहरातल्या निम्म्या कारखानदारांनी सुटकेचा निःश्वास सोडला. बत्तीस वर्षं त्यांनी बॉयलर इन्स्पेक्टर म्हणून काढली होती. लॉन्ड्री असो, कापड रंगवायचा कारखाना असो की दूध आटवायचा, जिथे वाफ कोंडून काम करून घेतात तिथे साहेब नाक खुपसणार, सेफ्टी व्हॉल्व्ह स्वतःच्या हाताने उचलून बघणार, आणि तो अडला की बॉयलरला सील ठोकणार. मग मालक हातापाया पडो नाहीतर बड्या लोकांच्या ओळखी सांगो. "साहेब, दहा वर्षं असाच चाललाय, काही झालं नाही," असं मालक म्हणायचा. "होईपर्यंत काहीच होत नसतं," असं म्हणून साहेब नोटीस त्याच्या हातात ठेवायचे. त्यांच्या पाठीमागे लोक त्यांना काय म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

अशा माणसाला जुन्या इटालियन कॉफीच्या भांड्यांचं वेड लागावं यात नवल वाटायचं कारण नाही. मोका पॉट म्हणजे शेवटी बॉयलरच, फक्त ओट्यावर मावणारा. खालच्या टाकीत पाणी, त्यात नरसाळं, नरसाळ्यात कॉफीची पूड, आणि वर, मध्ये रबरी वायसर घालून, आट्यांवर घट्ट फिरवून बसवलेला जग. खाली गॅस पेटवला की वाफ पाण्याला ढकलते, पाणी पुडीतून वर चढतं आणि जगात कॉफी होऊन पडतं. पण पूड फार बारीक असली, जाळी तुंबली, पाण्याला वर जायला वाटच राहिली नाही, तर? त्यासाठी टाकीच्या कुशीला वाटाण्याएवढा एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. कोंडलेली वाफ त्यातून बाहेर पडते आणि माणसाचं तोंड शाबूत राहतं. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात साहेबांनी भंगारवाल्याच्या ढिगात असं एक भांडं पाहिलं, उलटं केलं, तो इवलासा व्हॉल्व्ह नखाने दाबला, आतली पिन हलली, आणि साहेब विरघळले.

आता त्यांच्याकडे त्रेचाळीस भांडी होती. "कॉफी पिणारा माणूस एक आणि भांडी त्रेचाळीस," असं बायको आल्यागेल्याला सांगायची. मागच्या खोलीत साहेबांनी एक छोटं लेथ मशीन टाकलं होतं. तिथे ते मोडक्या मुठी नीट करत, झिजलेले आटे साफ करत, नाहीसे झालेले भाग नव्याने कातत. हात त्यांचा खरोखर चांगला होता, आणि हे त्यांना जरा जास्तच माहीत होतं.

हेच वेड असलेले आणखी पाच जण त्यांना मिळाले, काही जुने दोस्त, काही नवे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या हॉलमध्ये सहाही जण जमत. भांड्यांची अदलाबदल व्हायची, बढाया मारून व्हायच्या, एखाद्याला काही दुर्मिळ सापडलं की बाकीच्यांच्या पोटात दुखायचं. नियम असे फारसे नव्हते. एक मात्र कडक होता, आणि तो साहेबांनीच घालून दिलेला. भांडं हातात घेण्याआधी घेणाऱ्याने विचारायचं, "चुलीचं की कपाटाचं?" देणाऱ्याने एका शब्दात उत्तर द्यायचं. चुलीचं म्हणजे सगळे भाग धड आहेत, खुशाल गॅसवर चढवा. कपाटाचं म्हणजे कुठेतरी खोट आहे, नुसतं बघा. एकदा शब्द दिला की त्यावर कोणी शंका घ्यायची नाही.

आता ज्या भांड्यामुळे हे सगळं सांगावं लागतंय, त्याच्याकडे वळू. ते बाराकोनी होतं. इतर बहुतेक भांडी आठकोनी असतात. हे बारा कोनांचं, लाकडी मुठीचं, कुठल्याशा छोट्या कारखान्याने दोन-तीन वर्षंच काढलेलं. साहेबांच्या हाती आलं तेव्हा त्याचा व्हॉल्व्ह गायब होता आणि भोकात कोणीतरी मेण भरलं होतं. मूळ व्हॉल्व्ह पितळी असायचा आणि त्याच्या टोपीवर एक बारीक तारा असायचा, हे साहेबांना एका जुन्या कॅटलॉगच्या फोटोवरून माहीत होतं. हल्लीचा बाजारातला व्हॉल्व्ह तिथे बसला नसता असं नाही, थोडी खटपट करावी लागली असती. पण दिसलं असतं कसं? भारी कोटाला सेफ्टी पिन लावल्यासारखं.

त्यात वाचनालयाने प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि हातात आठ दिवस राहिले. साहेबांनी लेथवर पितळेचा एक भरीव तुकडा कातला. त्यात ना भोक, ना स्प्रिंग, ना पिन. बाहेरून मात्र हुबेहूब. टोपीवर भिंग लावून त्यांनी तारा कोरला, धुराने जरा काळवंडवला, आणि दाराशी उभ्या असलेल्या बायकोला दाखवला.

"यातून वाफ जाणार?" तिने विचारलं.

"हे काय चुलीवर चढणार आहे थोडंच," साहेब म्हणाले.

प्रदर्शनात लोक त्या ताऱ्यापुढे वाकून वाकून बघत होते. मूळ व्हॉल्व्ह, तोही शाबूत, असं एकमेकांना सांगत होते. साहेब खोटं बोलले नाहीत, तेवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. ते नुसते मूग गिळून उभे राहिले आणि कौतुक घेत राहिले.

तिथेच थांबलं असतं तर गोष्ट हसण्यावारी गेली असती. पण त्यांच्या मंडळींत एक दातांचे डॉक्टर होते, साहेबांचे वीस वर्षांचे दोस्त, आणि त्यांचा जीव त्या बाराकोनी भांड्यावर जडला. डॉक्टरांकडे एक नऊ कपांचं, काचेच्या मुठीचं झाकण असलेलं भांडं होतं. त्याच्यावर साहेबांचा आठ वर्षं डोळा होता आणि डॉक्टर त्यांना आठ वर्षं ताकास तूर लागू देत नव्हते. एका रविवारी डॉक्टर ते भांडं काखोटीला मारून आले आणि सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं.

"घे. तुझं बाराकोनी दे," ते म्हणाले. "चुलीचं की कपाटाचं?"

कपाटाचं म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का? मग व्हॉल्व्हचं सांगावं लागलं असतं, मग ताऱ्याचं. सगळा हॉल ऐकत होता.

"चुलीचं," साहेब म्हणाले.

मनाची समजूत घालायला कितीसा वेळ लागतो? डॉक्टर आपली भांडी काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचे. त्यांनी कधी एकही गॅसवर चढवलं नव्हतं. घरात ते चहाच प्यायचे. दोन वर्षं साहेब त्यांच्याकडे जात होते, काचेआडून तो तारा बघत होते, आणि हळूहळू त्यांना त्याची सवय झाली.

आणि मग या महिन्याच्या पहिल्या रविवारी, हॉलमध्ये खुर्च्या मांडून होत नाहीत तोच, डॉक्टर साहेबांच्या शेजारी येऊन बसले आणि खुशीत म्हणाले, "ठकीची खोली लागली. नोकरीवर रुजू झाली, आठ दिवस झाले."

ठकी म्हणजे डॉक्टरांची मुलगी. शाळेत असल्यापासून ती साहेबांच्या मागच्या खोलीत येऊन लेथवरच्या पितळेच्या किसाने खेळायची. आता नकाशे काढायच्या एका ऑफिसात लागली होती, चार तासांच्या अंतरावरच्या दुसऱ्या शहरात.

"खोलीवर काय काय दिलंस?" कोणीतरी विचारलं.

"गादी दिली, गॅस दिला. म्हणाली, बाबा, कपाटातलं एक भांडं द्या, मला कॉफी लागते. मी म्हटलं, घे तुला हवं ते. पोरीने नेमकं बाराकोनी उचललं." डॉक्टरांनी साहेबांच्या मांडीवर थाप मारली. "म्हटलं, साहेबांच्या हातचं आहे, डोळे झाकून वापर. सकाळ-संध्याकाळ करते म्हणे कॉफी."

साहेबांनी मान डोलावली. ते हसले. काय हसले ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तोंड उघडायला हीच वेळ होती, हे त्यांना त्या क्षणीही कळत होतं. शेजारी डॉक्टर, समोर चार जण, आणि सांगायची गोष्ट जेमतेम एका वाक्याची. त्यांनी पाण्याचा ग्लास घेतला, तो रिकामा केला, आणि बरं वाटत नाही असं सांगून ते तिथून निघाले. बरं वाटत नव्हतं, हे खरंच होतं.

घरी पोहोचायच्या आधी, रस्त्यातच एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून त्यांनी ठकीला मेसेज लिहिला. पहिल्यांदा लिहिलं, 'व्हॉल्व्ह'. ते पुसलं. व्हॉल्व्ह म्हटलं की ती लगेच बापाला फोन करणार. भांडी जमवणाऱ्याच्या घरातली मुलगी, तिला काय ते कळणार. मग त्यांनी लिहिलं, 'भांड्याचा रबरी वायसर जुना झालाय. मी येऊन बदलेपर्यंत वापरू नकोस. बुधवारी येतो.' दोन मिनिटांत तिच्याकडून अंगठा आला. साहेबांनी कपाळ पुसलं. पोरगी वाचली आणि आपली अब्रूही वाचली, असं त्यांना वाटलं.

बायकोला मात्र बनवणं सोपं नव्हतं. तिने तो पितळी तुकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला होता. साहेब दुपारीच लेथवर बसलेले दिसल्यावर ती येऊन उभी राहिली, आणि चार प्रश्नांत तिने सगळं काढून घेतलं.

"अहो, मग डॉक्टरांना फोन करा ना."

"ठकीला कळवलंय, वापरू नको म्हणून."

"का वापरू नको, तेही कळवलंय?"

साहेबांनी मशीन सुरू केलं. त्या आवाजात बोलता येत नसे, ही त्याची एक सोय होती.

"फोन करायला दहा सेकंद लागतात," मशीन थांबल्यावर ती म्हणाली. ती तिथेच उभी होती.

"तुला कळत नाही त्यातलं."

"मला व्हॉल्व्हमधलं कळत नाही. तुमच्यातलं कळतं." एवढं बोलून ती आत गेली, आणि मग दोन दिवस तिने तो विषय काढला नाही. बोलत राहिली असती तर साहेबांना बरं वाटलं असतं.

त्या भांड्याच्या भोकाचे आटे जुन्या मापाचे होते. बाजारातला व्हॉल्व्ह त्यात थेट जाईना, म्हणून मध्ये बसवायला एक कडी कातावी लागणार होती, बाहेरून एक माप, आतून दुसरं. सोमवारी साहेबांनी ती केली. कडी मोडली. दुसरी केली. मंगळवारी ती एका जुन्या टाकीवर बसवून त्यांनी हातपंपाने दाब दिला. व्हॉल्व्ह जिथे उघडायला हवा होता तिथेच उघडला. एकदा नव्हे, सहा वेळा. ऑफिसात असताना त्यांनी एवढी काळजी बाराशे लिटरच्या बॉयलरचीही घेतली नसेल. काम उत्तम झालं होतं. त्याचा त्यांना अभिमानही वाटला, आणि अभिमान वाटला याची लगेच शरमही वाटली.

बुधवारी सकाळच्या बसने ते निघाले. खिशात कागदात गुंडाळलेला नवा व्हॉल्व्ह, पिशवीत पाना, टॉर्च आणि बायकोने ठकीसाठी दिलेली सफरचंदं. खिडकीशी बसून साहेब मनात हिशेब मांडत होते. ठकीने आठ दिवस ते भांडं वापरलं, म्हणजे सोळा वेळा. काही झालं नाही. होणारही नव्हतं, पूड नीट असली, जाळी मोकळी असली की व्हॉल्व्हला कामच पडत नाही, वर्षानुवर्षं पडत नाही. एवढं मनाशी बोलून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की आपण त्या मालकांसारखे बोलतोय, अगदी शब्दन् शब्द. त्यांनी खिशातली पुडी चाचपली आणि उरलेला रस्ता खिडकीबाहेर बघत काढला.

ठकीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. बुधवारी तिची सुट्टी असायची. तिने दार उघडलं, वाकून नमस्कार करायला गेली, साहेबांनी तिला मध्येच धरलं. खोलीत एक कॉट, खिडकीखाली नकाशांचं टेबल, कोपऱ्यात हातभर ओटा आणि त्यावर दोन बर्नरचा गॅस. ते बाराकोनी भांडं बर्नरच्या शेजारी पालथं घातलेलं होतं. ते धुतलेलं होतं आणि अजून ओलं होतं.

"हे ओलं कसं?" साहेबांनी विचारलं.

"सकाळी केली ना कॉफी. पाणी घ्या काका. काकू कशी आहे?"

"मी वापरू नको म्हटलं होतं."

"वायसर जुना होता म्हणून ना?" ती हसली. "काका, बाबांनी मला चार वायसर देऊन ठेवलेत जादा. तुमचा मेसेज आला आणि मी लगेच बदलला. म्हटलं, एवढ्याशा गोष्टीसाठी काका चार तास बस कशाला घेतायत? पण मग वाटलं, भेटायला येतायत, बरंच आहे."

साहेब कॉटवर बसले. पाण्याचा ग्लास तिने दिला तसाच त्यांच्या हातात राहिला.

"म्हणजे रविवारपासून रोज..."

"रोज. फक्त आज गंमत झाली." ती ओट्याकडे गेली आणि भिंतीवरच्या टाइल्सकडे बोट दाखवलं. पांढऱ्या टाइल्सवर तपकिरी शिंतोडे उडाले होते, पुसूनही न गेलेले. "मी काल दळण्याचं मशीन घेतलं. पूड जरा जास्तच बारीक झाली, पिठासारखी. आणि मी ती चमच्याने दाबूनही बसवली. मग कॉफी वर येईचना. पाच मिनिटं झाली, सात झाली. मी गॅस मोठा केला. वाकून बघतेय तर एकदम शूं करून बाजूने वाफ सुटली, या भिंतीवर. मी जी उडी मारली ना! वायसर नीट बसला नव्हता बहुतेक. बाबांनी दुसऱ्याच भांड्याचे दिलेत, बारीक आहेत थोडे."

ती हसत सांगत होती. साहेबांच्या डोळ्यांसमोर मात्र ती वाकून बघत असलेली दिसत होती. तुंबलेली जाळी, मोठा गॅस, भरीव पितळ, आणि त्याच्यावर हातभर अंतरावर तिचा चेहरा. वायसर मापाचा असता तर वाफेला कुठेच वाट नव्हती. एका चुकीच्या मापाच्या रबराने तिला वाचवलं होतं. साहेबांनी तिच्यासाठी काहीएक केलेलं नव्हतं. तीन दिवस त्यांनी जे काही केलं ते स्वतःसाठी केलं होतं. बत्तीस वर्षांत त्यांनी दोन स्फोट झालेल्या जागा पाहिल्या होत्या. दोन्ही वेळा पंचनामा लिहिताना त्यांचा हात स्थिर राहिला होता. आता ग्लास बाजूला ठेवून ते पिशवीत पाना शोधत होते, तो सापडेना.

"काका? काय होतंय?"

"ते भांडं दे इकडे."

पाना लावून त्यांनी टाकीच्या कुशीतला व्हॉल्व्ह सोडवला. हाताला सवय होती, हाताने काम केलं. तो टेबलावर, तिच्या नकाशाच्या कोपऱ्यावर ठेवला.

"बघ," ते म्हणाले.

ठकीने तो उचलला. बापाच्या कपाटापुढे वाढलेली मुलगी. मधली पिन असते तिथे तिने आधी नखाने दाबून बघितलं. मग उलटा केला. मग खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"याला आत भोकच नाही."

"नाही. तो खोटा आहे. मी केलाय. मूळचा मिळाला नाही, प्रदर्शन होतं, म्हणून शोभेसाठी केला. तुझ्या बाबांना दिलं तेव्हा चुलीचं आहे म्हणून सांगितलं. ते कधी वापरणार नाहीत असं धरून चाललो."

तिने शिंतोड्यांकडे एकदा बघितलं, हातातल्या पितळाकडे बघितलं.

"मग मेसेजमध्ये हेच का नाही लिहिलंत काका?" तिने विचारलं. ती रागावून बोलली असती तर साहेबांना उत्तर देणं सोपं गेलं असतं. "व्हॉल्व्ह खोटा आहे, एवढंच. मी हात लावला नसता."

"लाज वाटली," साहेब म्हणाले. "वाटलं, येऊन गुपचूप बदलून टाकीन. कुणाला कळायचं नाही."

"बाबांना माहितीये?"

"नाही."

तिने तो तुकडा टेबलावर ठेवला आणि त्यांच्याकडे बघत उभी राहिली. फोन करा, असं ती म्हणाली नाही. साहेबांनीच खिशातून फोन काढला. रविवारपासून त्यांनी तो नंबर किती वेळा काढून बघितला होता, ते त्यांनाच माहीत.

डॉक्टर दवाखान्यात होते. मागे नळाचं पाणी वाहत होतं. "बोल साहेबा, पोहोचलास? काय म्हणते पोर? कॉफी पाजली की नाही तुला?"

"ऐक जरा. त्या बाराकोनीचा व्हॉल्व्ह खोटा होता," साहेब म्हणाले. "मी कातलेला. भरीव पितळ. चुलीचं नव्हतं ते, मी तुला खोटं सांगितलं. आज सकाळी जाळी तुंबली होती. वायसर सैल होता म्हणून वाफ बाजूने गेली. ठकी बरी आहे. ठकीला काहीही झालेलं नाही."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. मग डॉक्टरांनी कोणाला तरी बाहेर बसायला सांगितलं, आणि दार लागल्याचा आवाज आला.

"किती दिवस वापरलं तिने?"

"आजचा अकरावा."

"तुला माहीत होतं, की आत्ता कळलं?"

"माहीत होतं. मीच केला होता ना."

साहेबांना वाटलं, आता शिव्या घालतील. दोन वर्षांचं, त्या शब्दाचं, त्या नऊ कपांच्या भांड्याचं काढतील. साहेबांची तयारी होती. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी त्या सगळ्याला उत्तरंही शोधून ठेवली होती.

"रविवारी मी तुझ्या शेजारी बसलो होतो," डॉक्टर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "ठकी रोज त्यात कॉफी करते म्हणून मी तुला सांगितलं. डोळे झाकून वापर म्हटलंय, हेही सांगितलं. तू ऐकलंस ना ते?"

"ऐकलं."

"आज बुधवार आहे."

बसमध्ये हा प्रश्न त्यांना सुचलाच नव्हता.

"फोन तिला दे," डॉक्टर म्हणाले.

साहेबांनी फोन ठकीच्या हातात दिला. "हो बाबा," ती म्हणाली. "नाही, खरंच काही नाही झालं. हो, हातपाय ठीक आहेत. नाही, डोळ्यात नाही गेलं काही." इतका वेळ ती शांत होती, शिंतोड्यांची गंमत सांगताना हसलीही होती. बापाने पलीकडून काहीतरी विचारलं, आणि ती बोलता बोलता थांबली. मग भिंतीकडे तोंड करून, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरून, लहान मुलीसारखी रडायला लागली.

नवा व्हॉल्व्ह अजून साहेबांच्या खिशातच होता. ते पाना हातात धरून खोलीच्या मध्यभागी उभे राहिले. थांबावं की जावं, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.